काळविटाच्या लेंडीतून येडी बाभळ उगवते का?

माळरान_कर्जत

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा आणि माहिती असेल तर नक्की सांगा.

आमचं शेत नगरकडच्या कर्जत तालुक्यात, काळविटांच्या रेहेकुरी अभयारण्यापासून फार लांब नाही. त्यात अडीच एकर पड आहे म्हणजे नुसता माळ, मुरूम वर आलेला, आजोबांच्या काळापासून तिथे कुणी औत घातलेलं नाही, गुरांना गवतापुरता ठेवलाय. काळविटं तिथे रोज येतात. त्यात एक काळाभोर नर आहे, मोठ्या शिंगांचा, त्याची जागा अगदी ठरलेली, रोज तिथेच येऊन उभा राहतो, तिथेच लेंड्या टाकतो आणि दुपारी तिथेच बसतो, आता तिथे घमेलंभर लेंड्यांचा थर झालाय.

तर झालंय असं की गेल्या दोन पावसाळ्यांत बरोबर त्याच जागी येड्या बाभळीची (ते बाहेरून आलेलं, रान व्यापणारं काटेरी झाड, आमच्याकडे काही जण चिलार म्हणतात) रोपं यायला लागलीत. बाकी सगळा माळ फिरून आलो, कुठेच नाही. सगळ्यात जवळची येडी बाभळ ओढ्याच्या काठाला, पाऊण किलोमीटर तरी असेल, वाऱ्याने काय शेंग तिथून उडून येणार नाही आणि ओढा खाली आहे माळ वर, म्हणजे पाण्यानेही नाही.

मग मी परवा मूठभर लेंड्या घरी आणल्या (आमच्याच रानातल्या हां, अभयारण्यातल्या नाहीत), रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्या आणि सकाळी चहाच्या जुन्या गाळणीत घेऊन नळाखाली चोळल्या. गवताचा चोथा वाहून गेला आणि खाली राहिल्या चार-पाच बिया, पिवळट तपकिरी, मसुरीएवढ्या पण जरा लांबट, चकचकीत, आणि प्रत्येकीवर घोड्याच्या नालासारखी बारीक रेघ. ओढ्याकाठची शेंग फोडून पाहिली तर तेच बी, तीच रेघ. शिवाय मोहरीपेक्षाही बारीक काळं काळं कसलंतरी बी होतं, ते ओळखता आलं नाही. सगळं एका कुंडीत टाकलंय.

आता प्रश्न. एक म्हणजे हरीण रवंथ करणारं जनावर, दोनदा चावतं, चार कप्प्यांचं पोट, त्यातून बी जिवंत बाहेर पडतंच कसं? दुसरं, पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं उगवतं म्हणतात ते खरं का? आणि तिसरं जे मला खरं विचारायचंय ते असं, चुलते म्हणतात हीच जनावरं रान खराब करतायत, कुत्री सोडून हाकलून लाव. माझं मन होत नाही. पण उद्या अडीच एकर काट्यात गेलं तर त्यांना काय उत्तर देऊ?

---

पानफूल_बार्शी

तुम्ही गाळणीत जे केलंत ना ते अगदी असंच करतात अभ्यासाला, फक्त त्यांची चाळणी जरा महाग असते. ज्युनिअर कॉलेजला वनस्पतीशास्त्र शिकवतो म्हणून लिहितोय. ती नालासारखी रेघ म्हणजे बाभूळवर्गातल्या पुष्कळ बियांची खूणच आहे, ओळख बरोबर आहे तुमची.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बियांच्या सालीत आहे. या बीचं कवच इतकं घट्ट असतं की साधं पाणीही आत शिरत नाही. तुम्ही शेंगेतून काढलेलं कोरडं बी तसंच पाण्यात टाकून बघा, त्यातली बरीचशी दोन दिवसांनीही फुगणार नाहीत, दगडासारखी तळाशी बसतील. आता जिथे पाणी शिरत नाही तिथे पोटातला रसही लगेच शिरत नाही. राहिला प्रश्न दातांचा. हरणाला हवा असतो शेंगेचा गोड गर, बी मिळतं गुळगुळीत आणि टणक, ते दाढेखालून निसटतं. सगळंच निसटतं असं नाही, पुष्कळ चिरडलं जातं आणि पचतं, ते आपल्याला दिसत नाही एवढंच. जे सुटतं ते साधारण एक ते चार दिवसांत बाहेर पडतं, आणि तेवढ्या वेळात काळवीट कुठल्या कुठे गेलेलं असतं, पाऊण किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

दुसरा प्रश्न, जास्त चांगलं उगवतं का. कडक कवचाच्या बियांपुरतं हो. पोटातली ऊब, ओलावा, आम्ल, रवंथ करताना बसलेलं घासणं, या सगळ्याने कवच जरासं झिजतं आणि मग पहिल्या पावसाला पाणी आत जातं. येड्या बाभळीचं तर बी शेंगेच्या आत अजून एका चिवट पाकिटात असतं, ते पाकीट पोटात निघून जातं, हा मोठा फायदा. पण ज्वारी, हरभरा अशी मऊ सालीची बी पोटात गेली की संपली, त्यामुळे "पोटातून गेलं की उगवतंच" असा सरसकट नियम करू नका.

अजून एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. शेंग झाडाखाली पडून राहिली की तिच्यात भुंगेऱ्याची अळी शिरते, बी आतून पोखरून टाकते, तुम्ही गोल बारीक भोक पडलेल्या शेंगा पाहिल्या असतील. जनावराने शेंग वेळेवर खाल्ली की त्यातलं बरंच बी किडीच्या तावडीतून सुटतं. आणि वेळही बघा कशी जुळते, शेंगा पिकतात उन्हाळ्यात, जेव्हा माळावर हिरवं काहीच नसतं आणि हरणं शेंगांवर तुटून पडतात, लेंडी उन्हात वाळून कडक होते, बी आत सुखरूप बसतं, आणि मृगाचा पाऊस आला की लेंडी फुगते फुटते आणि बी थेट खतातच रुजतं.

ते बारीक काळं बी टाकून देऊ नका, ते बहुतेक गवताचं किंवा माळावरच्या एखाद्या लहान रोपाचं असणार. १९८४ मध्ये डॅनियल जॅन्झन नावाच्या शास्त्रज्ञाने एक विचार मांडला होता, मला तो फार आवडतो. फळ गोड असतं ते प्राण्याने खावं म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या गवताला, तणाला फळासारखं फळच नाही त्याचं काय? तो म्हणाला की चरणाऱ्या जनावरांसाठी त्यांचा कोवळा पालाच फळाचं काम करतो. जनावर पाला ओरबाडताना त्याच्यासोबत बारीक बीही गिळतं आणि पुढे नेऊन टाकतं. बी जितकं बारीक, गोल आणि टणक तितकं सुटायची शक्यता जास्त. म्हणजे तुमच्या माळावर शेकडो वर्षं हे चाललेलंच आहे, फक्त आपलं लक्ष येड्या बाभळीमुळे गेलं.

---

वाड्यावरचा_गडी

आमचं घराणं मेंढरांचं, त्यामुळं ह्यात नवल काय नाय वाटलं. शेतात मेंढरं बसवतो आम्ही खतासाठी, रात्रभर वाघरीत म्हंजी जाळीच्या कुंपणात ठेवायची, सकाळी पुढं. ज्या गावाला बाभळीच्या शेंगा खाऊन आलो त्याच्या पुढच्या गावाला शेतकरी पावसाळ्यात फोन करतो की लेका तुझ्या मेंढरांनी माझ्या रानात बाभळी पेरल्या. खरंच पेरलेल्या असत्यात.

आमचा बाप सांगायचा की पूर्वी रोपवाटिकेवाले शेळ्या-मेंढरांच्या वाड्यातनं बाभळीचं बी गोळा करून न्यायचे, कारण झाडाखालचं बी उगवायला लय वेळ लावतं आणि वाड्यातलं लगेच. नायतर मग गरम पाण्यात भिजवायला लागतं.

बोराचं मात्र येगळं हाय. बोराची आठोळी मोठी, ती लेंडीतनं नाय जात. शेळी बोरं खाती आणि रातच्याला रवंथ करताना आठोळ्या तोंडातनं टाकून देती. सकाळी वाडा झाडताना बसायच्या जागंवर आठोळ्यांचा नुसता सडा. लहानपणी आम्ही त्या फोडून आतलं बी खायचो, धुवून. तर तुमचं हरीण जिथं बसतं तिथं लेंड्याच नका बघू, आठोळ्याबी बघा. हरणांमागं कुत्री लावायची ही गोष्ट मला पटली नाय भाऊ. माळ त्यांचाबी हाय.

---

रेवा_बडोदे

माझ्या तीन पिढ्या बडोद्यात, त्यामुळे मराठी चुकली तर सांभाळून घ्या 🙏 पण हा विषय वाचून राहवलं नाही कारण तुम्ही जे एका नराचं वर्णन केलंय ना, ते भावनगरजवळच्या वेळावदरला शेकड्यांनी दिसतं. तिथलं राष्ट्रीय उद्यान आहे सगळं ३४ चौरस किलोमीटरच्या आसपास, पण काळविटं एवढी की डोळे भरून येतात.

वेळावदरला माजाच्या काळात नर एकाच पट्ट्यात जवळ जवळ आपापली जागा धरून उभे राहतात, मादी येऊन निवड करते. प्रत्येक नराची जागा अगदी छोटी आणि तो ती लेंड्यांच्या ढिगाने राखतो, रोज तिथेच येऊन टाकतो. यावर तिथे अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये छापूनही आला, त्यात दिसलं असं की नरांच्या या ठरलेल्या जागांवर, आणि त्यातही जिथे पुष्कळ नर एकत्र जमतात तिथे, येड्या बाभळीचं बी आणि रोपं आजूबाजूच्या गवतापेक्षा जास्त सापडतात. म्हणजे नराला हवी असते मोकळी जागा, लांबपर्यंत दिसेल अशी, आणि तोच तिथे झाड लावत राहतो. वाईट वाटतं वाचून, कारण एकदा झाडोरा दाट झाला की काळवीट ती जागा सोडतं, त्याला धावायला उघडा माळ लागतो.

आमच्याकडे हिला गांडो बावळ म्हणतात, अर्थ तोच, वेडी बाभळ. ही आपल्याकडची नाहीच, मूळ मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची, भारतात १८७७ मध्ये आणली. कच्छच्या बन्नीत तर खारट जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास मुद्दाम लावली, आणि आता तिथला मालधारी म्हणजे गुरं राखणारा गवतासाठी रडतो. कच्छच्या छोट्या रणात घोरखर म्हणजे रानगाढवं तिच्या शेंगा खातात आणि तेही बी पसरवतात, घोरखर तर रवंथही करत नाही, घोड्याच्या जातीचं जनावर, म्हणजे बी एकदाच चावलं जातं.

तुमच्या चुलत्यांना एवढंच सांगा की काळविटाने बी आणलं खरं, पण झाड आणलं माणसाने.

---

सातपुडा_परतवाडा

वा, मस्त धागा. आमच्या मेळघाटाकडचं थोडं सांगतो.

आवळ्याचं झाड घ्या. हिवाळ्यात वानरं झाडावर बसून आवळे खातात आणि खाली अर्धवट टाकतात, खाली चितळांचा कळप उभाच असते, पडला की उचलला. चितळ आवळा अख्खा गिळते आणि मग सावलीत जाऊन बसते, तिथं रवंथ करताना आवळ्याची कडक बी तोंडातून टाकते, वर मेंढपाळ दादा बोराबद्दल जे बोलले अगदी तेच. पुढची गंमत म्हणजे ती बी उन्हात वाळली की तडकते, आवाज येते बारीक, आणि आतले लहान लहान दाणे उडून बाहेर पडतात. मी स्वतः चितळाच्या बसायच्या जागेवरून चार बिया उचलून दगडावर ठेवल्या होत्या उन्हात, दुपारपर्यंत दोन तडकल्या. उत्तराखंडच्या राजाजी राष्ट्रीय उद्यानात यावर नीट अभ्यास झालाय, तिथंही आवळा पसरवणाऱ्यांत चितळ मोठं ठरलं.

म्हणजे जनावर बी दोन दारांनी बाहेर काढते, बारीक टणक बी लेंडीतून आणि मोठी बी तोंडातून. आपण फक्त लेंडीच बघतो.

आणि रोह्याचं विसरू नका, नीलगाय म्हणतात ती. तोही एकाच जागी ढीग करते, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) असे ढीग असतात, पावसाळ्यात त्या ढिगावर काय काय उगवते ते बघायसारखं असते. नेपाळच्या चितवनमध्ये गेंडे तर ठरलेल्या जागी एवढा मोठा ढीग करतात की त्यात ट्रेविया नावाच्या झाडाची रोपंच्या रोपं येतात, आणि ते ढीग असतात नदीकाठच्या मोकळ्या गवतात, जिथं त्या रोपांना ऊन मिळते. जंगलात आईच्या सावलीत ती जगलीच नसती.

एक विनंती सगळ्यांना, हे वाचून कुणी अभयारण्यात जाऊन लेंड्या गोळा करू नका. परवानगीशिवाय तिथून काहीच उचलता येत नाही. धाग्यातल्या भाऊंनी आपल्या रानातल्या घेतल्या हे बरोबर केलं.

---

मेघना_ब्रिस्बेन

मी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला राहते, माहेर बीडचं. इथे आल्यावर मला जो धक्का बसला तो सांगते. एकदा राज्याच्या आतल्या भागात गाडीने जात होतो, मैलोन् मैल गवताळ प्रदेश, आणि मध्येच दाट काटेरी झाडं. जवळ जाऊन पाहिलं तर आपली बाभूळ! आपली खरी गावठी बाभूळ, पिवळ्या गोंड्यांची, मण्यांच्या माळेसारख्या शेंगांची. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं आणि शेजारी उभा असलेला इथला शेतकरी म्हणाला की हिने आमची वाट लावली.

इथे ती १८९० च्या दशकात आणली, सावलीसाठी आणि मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी. १९५७ मध्ये तिला घातक तण म्हणून जाहीर केलं, पण खरा भडका उडाला १९७० च्या दशकात. पाऊस चांगला झाला हे एक आणि दुसरं, लोकरीचं काही जमेना म्हणून लोकांनी मेंढ्या कमी करून गुरं वाढवली. मेंढी बाभळीचं बी बऱ्यापैकी चावून संपवते, गाय-बैल तेवढं चावत नाहीत, त्यांच्या शेणातून बी पुष्कळ सुटतं आणि शेणाचा पो ओलाही राहतो. आज ६० लाख हेक्टरपेक्षा जास्त जमिनीवर आहे ती. म्हणजे झाड तेच, कोणतं जनावर खातंय त्यावरून एवढा फरक.

इथे आता पद्धत अशी आहे की शेंगा खाल्लेली गुरं लगेच चांगल्या कुरणात सोडत नाहीत, आठवडाभर आवारात कोरड्या चाऱ्यावर ठेवतात म्हणजे पोटातलं बी तिथेच पडून जातं. हे काळविटाला लागू नाही, पण तुमची स्वतःची गुरं, शेळ्या ओढ्याकाठी शेंगा खात असतील तर त्यांच्यासाठी हे नक्की करता येईल.

अजून एक, केनियात येड्या बाभळीच्या गोड शेंगा खाऊन खाऊन शेळ्यांचे दात गेले, तर तिथल्या लोकांनी बिनदाताची शेळीच कोर्टात नेऊन उभी केली होती. इतकं सोसलंय लोकांनी या झाडापायी.

---

पानफूल_बार्शी

मेघनाताई, बाभळीचं उदाहरण उद्या वर्गात सांगणार. मुलांना नेहमी वाटतं की परदेशी झाड वाईट आणि आपलं चांगलं, आपलंही दुसऱ्याच्या अंगणात जाऊन तेच करतं हे त्यांना कळायला हवं.

माळरान_कर्जत, तिसऱ्या प्रश्नाकडे येतो कारण तो राहिला. हरणं हाकलून उपयोग नाही, ती रात्री येतील, आणि कुत्री लावणं हा कायद्याने गुन्हा आहे, काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. उलट तो नर तुमचं काम सोपं करतोय. बी अडीच एकरभर विखुरलं असतं तर तुम्हाला शोधता आलं नसतं, त्याने ते एका घमेल्याएवढ्या जागेत आणून ठेवलंय. पहिला दमदार पाऊस झाला की पंधरा-वीस दिवसांनी जायचं, रोप वीतभर असताना जमीन ओली असते तेव्हा मुळासकट उपटून निघतं. एक वर्ष राहू दिलं तर मूळ खोल जातं, मग वरून तोडलं तर बुंध्यातून दहा फुटवे येतात आणि झाड आधीपेक्षा दाट होतं, तेव्हा खणून मुळाचा गड्डा काढावा लागतो. दुसरं काम ओढ्याकाठी. तिथली झाडं शेंगा धरायच्या आधी, फुलोऱ्यात असताना काढता आली तर बघा, निदान उन्हाळ्यात खाली पडलेल्या शेंगा गोळा करून जाळा. जिथून बी येतंय ते बंद झालं की हाच नर तुमच्या माळावर बोर, हिवर, बाभूळ, गवत यांचंच बी आणेल. तेवढं तो नाहीतरी आणतोच आहे.

उपटताना जाड हातमोजे घाला, काटा मोडून आत राहिला तर पिकतो.

---

माळरान_कर्जत

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उशिरा उत्तर देतोय कारण कुंडीची वाट बघत होतो.

चुलत्यांना बोराच्या आठोळ्यांचं वाचून दाखवलं तर ते म्हणाले हे मला माहीत आहे, आमच्या शेळ्या करायच्या, आणि मग स्वतःच माझ्यासोबत माळावर आले. नर नव्हता तिथे, सकाळची वेळ होती. लेंड्यांच्या थराच्या कडेला खाली बसून हाताने उकरलं तर खरंच बोराच्या नऊ आठोळ्या निघाल्या, पांढऱ्या पडलेल्या. रोपं मोजत मोजत उपटली, एकेचाळीस येडी बाभळ. त्यातली चार गेल्या वर्षीची होती, त्यांना कुदळ लावावी लागली, पांढरं मूळ हातभर खाली गेलेलं, आणि झाड मात्र गुडघ्याएवढंच. चुलते म्हणाले हे पुढच्या वर्षी जेसीबीशिवाय निघालं नसतं. दोन रोपं हिवराची होती, ती त्यांनीच ओळखली आणि राहू दे म्हणाले. ओढ्याकाठची झाडं दुसऱ्याच्या हद्दीत आहेत, त्या मालकाशी पोळ्यानंतर बोलायचं ठरलंय.

आमच्या शेळ्या सात आहेत. त्या ओढ्याला जातात. त्यांना उन्हाळ्यात शेंगा बंद, हे आजपासून.

आता कुंडी. येड्या बाभळीच्या पाच बियांतल्या तीन आठ दिवसांच्या आत वर आल्या, त्या बघून काढून टाकल्या. शेंग फोडून काढलेल्या पाच बिया शेजारच्या कुंडीत टाकल्या होत्या, त्यातली आजपर्यंत एक आलीय. आणि ते बारीक काळं बी, त्यातून दोन प्रकारची रोपं आलीत. एक रुंद पानाचं आहे, अजून दोनच पानं. दुसरं गवत आहे, पातं अरुंद, बुंध्याशी जांभळट छटा, बोट फिरवलं तर कडा खरखरीत लागते. मला मारवेल वाटतंय, चुलते पवन्या म्हणतायत, पानफूल सर तुम्ही सांगा लोंबी यायच्या आधी हे कशावरून ओळखायचं? फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.